ओघ आणि ग्वाही : साहाय्यित लेखनाची मराठी पूर्वपीठिका

१

यंत्राच्या साहाय्याने लिहिलेला मजकूर स्वाभाविक कसा वाटेल आणि तो विश्वासार्ह कसा ठरेल, हे दोन प्रश्न अलीकडे जवळजवळ एका दमात विचारले जातात. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हे संभाषणक्षम भाषायंत्र सर्वांसाठी खुले झाले आणि त्यानंतर अर्ज, वृत्तलेख, प्रस्तावना, परीक्षणे, इतकेच नव्हे तर शोधप्रबंधांची प्रकरणेही यंत्राच्या मदतीने सिद्ध होऊ लागली. त्याबरोबरच अशा गद्यातील यांत्रिकपणाच्या खुणा पुसून ते माणसाचे वाटावे यासाठीच्या युक्त्यांचेही एक शास्त्र उभे राहिले. वाक्यांची लांबी कमीजास्त करावी, ठरावीक शब्द टाळावेत, मधूनच एखादा बोलीतील प्रयोग पेरावा, अशा स्वरूपाचे हे शास्त्र आहे. त्यामागे एक गृहीत आहे : मजकूर स्वाभाविक वाटला की तो विश्वासाला पात्र ठरतो. प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी मराठी गद्याच्या इतिहासाच्या आधारे करावयाची आहे.

मराठी गद्याकडे वळण्याचे कारण असे, की दुसऱ्याच्या मदतीने लिहिणे ही या भाषेला मुळीच नवी गोष्ट नाही. मराठी गद्याचा फार मोठा भाग अशा रीतीने निर्माण झाला आहे, की त्यात बोलणारे तोंड एकाचे असते, लिहिणारा हात दुसऱ्याचा असतो आणि कागदावर नाव भलत्याचेच असते. एकाच हाताने, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या मनातले लिहिणारा लेखक ही कल्पना आपल्याकडे मुद्रणाबरोबर स्थिर झाली. तिच्या आधीची आणि तिच्या जोडीने चाललेली साहाय्यित लेखनाची परंपरा लक्षात घेतली, तर आजच्या प्रश्नाची मांडणी थोडी वेगळी करावी लागते.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे दोन संज्ञा वापरल्या आहेत. वाचताना कोठेही न अडखळता 'ही आपलीच भाषा आहे' असे वाटायला लावणारा जो गुण, त्याला 'ओघ' म्हणू. विधानामागे कोण उभा आहे, त्याला ते कसे कळले आणि ते चुकीचे निघाल्यास जाब कोणाला विचारायचा, हे ज्यामुळे कळते त्याला 'ग्वाही' म्हणू. ओघ वाचकाच्या सवयीतून निर्माण होतो. ग्वाही व्यवहारातून निर्माण होते. मराठी गद्याच्या इतिहासात या दोहोंच्या वाटा वेगळ्या होत्या आणि प्रसंगी त्या एकमेकींच्या विरोधातही गेल्या, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्याविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. महाराजांनी एक महत्त्वाचे पत्र लिहिण्यास सांगितले होते. कामाच्या गर्दीत ते लिहून झाले नव्हते. रात्री महाराजांनी पत्र वाचून दाखविण्यास सांगितले, तेव्हा बाळाजींनी कोरा कागद हाती धरला आणि संपूर्ण पत्र जणू लिहिलेलेच आहे अशा रीतीने वाचून दाखविले, म्हणे. जवळ उभ्या असलेल्या मशालजीला हसू आवरेना, त्यामुळे खरा प्रकार उघडकीस आला आणि महाराज चिटणिसाच्या कौशल्यावर प्रसन्न झाले. ऐतिहासिक पुरावा म्हणून या गोष्टीला फारसे मोल नाही. परंतु चिटणिशीची कला समाजाला कोणत्या रूपात आठवत राहिली, हे समजून घेण्यासाठी ती उपयुक्त आहे.

या गोष्टीत ओघ परिपूर्ण आहे आणि कागद कोरा आहे. धन्याच्या मनातला आशय, समोरच्याच्या योग्यतेचा मायना, विनंती, आज्ञा आणि अखेरची सूत्रे हे सारे चिटणिसाच्या जिभेवर इतके रुळलेले आहे, की कागदाची गरजच भासू नये. पत्रलेखनाचे संकेत सांगणारी 'मेस्तके' ही असेच ओघ घडविणारी साधने होती. कोणाला कोणत्या मायन्याने संबोधावे आणि 'बहुत काय लिहिणे' हे कोठे यावे, हे त्यांतून शिकता येत असे. आजच्या भाषेत सांगायचे तर हे पत्राचे साचे होते. ते साचे आहेत म्हणून पत्र खोटे आहे, असे त्या काळी कोणाला वाटत नसे.

कारण पत्राचा खरेपणा ओघावर अवलंबून नव्हताच. तोंडपाठ म्हटलेले पत्र रवाना व्हायचे, तर ते कागदावर उतरणे, त्यावर मुद्रा उमटणे आणि मजकूर संपला तेथे मोर्तब होणे अटळ होते. माथ्यावरची मुद्रा हे पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले ते सांगे. अखेरचे मोर्तब त्याखाली कोणी एक शब्दही वाढवू नये याची काळजी घेई. लांब कागदांच्या जोडांवर शिक्के उमटत. 'सुरू सूद', 'बार' यांसारखे शेरे कागद दप्तरातून रीतसर गेल्याची साक्ष देत. पेशवाईतील अनेक पत्रांत सगळा मजकूर कारकुनाच्या हातचा आणि अखेरचे चार शब्द खुद्द धन्याच्या हातचे, असा प्रकार आढळतो. ते चार शब्द वळणदार असतातच असे नाही, पण त्यांच्यामुळे कारकुनाच्या सुरेख मजकुराची जबाबदारी धन्याकडे येते.

या व्यवस्थेत लेखनिकाची मदत लपविलेली नाही. अक्षर कोणाचे आणि आज्ञा कोणाची, हा भेद कागदावरच दिसतो. ग्वाही टिकून राहते ती या दृश्य भेदामुळे.

आणखी एका गोष्टीची नोंद येथे केली पाहिजे. या काळच्या बातमीपत्रांत आणि वकिलांच्या पत्रांत डोळ्यांदेखतची हकीकत आणि ऐकीव वर्तमान यांत फरक केलेला असतो. मराठीच्या व्याकरणातच त्याची सोय आहे. 'तो आला' आणि 'तो आला म्हणे' या दोन वाक्यांत घटना एकच आहे. बदलते ते सांगणाऱ्याचे त्या घटनेशी असलेले ज्ञानाचे नाते. 'म्हणे' हा अव्ययासारखा वापरला जाणारा शब्द वाक्याचा ओघ वाढवीत नाही. उलट किंचित अडवितो. पण तो विधानाचे वजन अचूक सांगतो.

३

साहाय्यित लेखनाचा दुसरा टप्पा एकोणिसाव्या शतकातील आहे. १८०५ मध्ये विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. त्यामागे फोर्ट विल्यम महाविद्यालयातील वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते आणि केरी यांनी प्रस्तावनेत त्याचा उल्लेखही केला आहे. मुंबई इलाख्यात १८२९ मध्ये जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे आदी शास्त्रीमंडळींनी सिद्ध केलेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश' निघाला. १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. या दुसऱ्या कोशामागेही शास्त्र्यांचे श्रम होतेच, पण तो ओळखला गेला तो एका साहेबाच्या नावाने. परभाषक अधिकारी योजना आखतो, देशी पंडित शब्द पुरवितो आणि ग्रंथ अधिकाऱ्याच्या नावे होतो, अशी ही घडण होती.

पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत परिस्थिती अधिक गुंतागुंतीची होती. मूळ मजकूर इंग्रजी, भाषांतर शास्त्र्याचे आणि तपासणी पुन्हा साहेबाची, अशा तीन हातांतून मराठी वाक्य जात असे. या तपासणीचे सर्वांत प्रभावी नाव म्हणजे मेजर टॉमस कँडी. मोल्सवर्थच्या कोशकार्यात त्यांनी भाग घेतला, १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे सरकारी भाषांतरांवर व शालेय पुस्तकांच्या भाषेवर दीर्घकाळ देखरेख केली. १८५० मध्ये विरामचिन्हांविषयीची त्यांची पुस्तिका निघाली.

विरामचिन्हांचे उदाहरण ओघाच्या स्वरूपाविषयी बरेच काही शिकविते. मोडी लिपीत आधी शिरोरेघ ओढून त्याखाली अक्षरे लिहिली जात; शब्दही तोडले जात नसत, मग स्वल्पविरामाचा प्रश्नच नव्हता. वाक्य कोठे संपते हे क्रियापद सांगे. कँडींच्या काळातील वाचकाला पूर्णविराम आणि उद्गारचिन्ह ही परकी वाटली असतील, तर त्यात नवल नाही. आज त्यांच्याशिवाय लिहिलेले गद्य आपल्याला वाचवत नाही. म्हणजे जी गोष्ट एका पिढीला कृत्रिम, तीच तिच्या नातवंडांना स्वाभाविक. दत्तो वामन पोतदारांनी या कालखंडावरील ग्रंथाला 'मराठी गद्याचा इंग्रजी अवतार' असे नाव दिले, त्यात या प्रक्रियेचे मर्म आले आहे. स्वाभाविकता ही भाषेच्या पोटातून जन्मलेली स्थिर वस्तू नसून ती अंगवळणी पडलेल्या संकेतांची बेरीज असते.

४

या पार्श्वभूमीवर विष्णुशास्त्री चिपळूणकरांची भूमिका तपासण्याजोगी आहे. १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू झाली आणि तिचा पहिलाच निबंध मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीविषयी होता. भाषांतरित, सरकारी आणि मिशनरी मराठीतील परकेपणावर चिपळूणकरांनी केलेला हल्ला आजही वाचनीय आहे, कारण त्यांनी दाखविलेले दोष खरे होते. इंग्रजी वाक्याचा सांगाडा तसाच ठेवून त्यावर मराठी शब्द चढविले, की काय होते, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

परंतु या स्वाभाविक मराठीच्या पुरस्कर्त्याची स्वतःची शैली कोठून आली होती? चिपळूणकरांनी वडील कृष्णशास्त्री यांनी आरंभलेले जॉन्सनच्या 'रासेलस'चे भाषांतर पूर्ण केले होते, आणि मेकॉलेच्या निबंधांचा त्यांच्यावरील संस्कार सर्वमान्य आहे. तोलून धरलेली लांब वाक्ये, उपरोधाची धार, प्रतिपक्षाची बाजू मांडून मग ती उडविण्याची रीत, हे सगळे इंग्रजी निबंधाच्या शाळेत कमावलेले होते. त्यामुळे त्यांची थोरवी कमी होत नाही. इतकेच दिसते, की परकेपणा घालविण्याचे कामही परक्या नमुन्यावर पार पडले आणि त्यातून जो ओघ निघाला, तो पुढे 'अस्सल मराठी' म्हणून मान्य झाला.

या ओघाला एक सामाजिक बाजूही आहे. 'गुलामगिरी' १८७३ मध्ये प्रसिद्ध झाली. जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा परामर्श घेताना 'निबंधमाले'ने त्यांच्या व्याकरणाची आणि भाषेची थट्टा केली. येथे भाषेतील दोष हा जणू विचारातील आणि लेखकाच्या अधिकारातील दोषाचा पुरावा म्हणून वापरला गेला. फुल्यांच्या गद्याला शास्त्रीय तोल नव्हता. पण शेतसारा, कुळकर्ण्याचे दप्तर, शेतकऱ्याचे कर्ज यांविषयी ते जे सांगत होते, ते त्यांनी पाहिलेले आणि तपासता येण्याजोगे होते. ओघ चिपळूणकरांच्या बाजूला होता, आणि शेतकऱ्याच्या स्थितीविषयीची ग्वाही फुल्यांच्या बाजूला. त्या काळच्या शिक्षित वाचकवर्गाच्या मोठ्या भागाने पहिल्या गुणावरून दुसऱ्याचा निकाल लावला. मराठी ज्ञानव्यवहाराला ही चूक महागात पडली आणि ती दुरुस्त व्हायला अनेक दशके लागली.

५

ओघ आणि ग्वाही यांची फारकत जाणीवपूर्वक, पद्धती म्हणून मांडली ती वि. का. राजवाडे यांनी. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रव्यवहार होता, आणि त्याच्या विस्तृत प्रस्तावनेत राजवाड्यांनी पानिपतविषयक बखरींची त्या पत्रांशी ताडून चिकित्सा केली.

या बखरींचे आकर्षण कोणालाही नाकारता येणार नाही. 'भाऊसाहेबांची बखर' ही मराठी गद्याच्या अभ्यासक्रमांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली ती उगाच नव्हे. तिच्यातील संवाद, प्रसंगांची चढती रचना, शोकाचा आवाका यांमुळे १४ जानेवारी १७६१ चा दिवस वाचकाच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. तिच्या शेजारी रसद, रुपये आणि धान्य यांविषयी भाऊसाहेबांनी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली तगाद्याची पत्रे ठेवली, तर ती रुक्ष वाटतात. कथनाचा आनंद त्यांत नाही. तीच ती मागणी, तोच तो तगादा. तथापि छावणीत काय उणे होते आणि ते कधीपासून उणे होते, हे कळते ते या पत्रांवरूनच.

राजवाड्यांनी विचारलेले प्रश्न साधे होते. हा कागद केव्हाचा? लिहिणारा त्या ठिकाणी होता काय? तो कोणाला आणि कशासाठी लिहीत होता? त्याने दिलेली तिथी, वार, माणसांची नावे आणि मुक्कामाची ठिकाणे दुसऱ्या स्वतंत्र कागदाशी जुळतात काय? या चार प्रश्नांपैकी एकही शैलीविषयी नाही. बखरकाराने उत्तम लिहिले आहे हे मान्य करूनही, घटनेनंतर दीर्घकाळाने, ऐकीव माहितीवर आणि ऐकणाऱ्याच्या अपेक्षेनुसार रचलेले कथन साधन म्हणून दुय्यम ठरते, असा निर्णय या पद्धतीतून निघतो. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने हीच शिस्त पुढे चालविली.

राजवाड्यांच्या बखरींविषयीच्या कठोरपणावर नंतरच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले आणि ते योग्यही आहेत. बखर ही स्वतः एक सांस्कृतिक संहिता आहे. घटनेविषयी ती चुकत असेल, पण त्या घटनेचा समाजमनाने लावलेला अर्थ तिच्यात असतो. शिवाय बखरही आपली उत्पत्ती लपवीत नाही. कृष्णाजी अनंत सभासद यांची बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे लिहिली गेली, हे तिच्यातूनच कळते. कोणाच्या सांगण्यावरून, कोणासाठी आणि कोणी लिहिले, ही चौकट असल्यामुळेच आपण तिच्या कथनाचे वजन ठरवू शकतो. म्हणजे बखरीच्या बाजूने जो युक्तिवाद करता येतो, त्याचाही आधार अखेर ग्वाहीच आहे.

६

आता यंत्राकडे वळू. भाषायंत्राची वंशावळ ही आरंभापासून ओघाची वंशावळ आहे. १९१३ मध्ये रशियन गणिती मार्कोव्ह यांनी पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन'मधील वीस हजार अक्षरे घेऊन स्वर आणि व्यंजने यांचा क्रम मोजला. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी आधीच्या अक्षरांवरून वा शब्दांवरून पुढचा निवडत गेल्यास इंग्रजीसारखा भासणारा मजकूर कसा तयार होतो, हे दाखविले. २०१७ मध्ये मांडल्या गेलेल्या 'ट्रान्सफॉर्मर' या रचनेवर उभी असलेली आजची भाषाप्रारूपेही मुळात पुढच्या शब्दखंडाचा अंदाज करायलाच शिकतात. त्यानंतर अनेक उत्तरांतून कोणते अधिक पसंत पडले, हे माणसांना विचारून त्यांना वळण लावले जाते. या पसंतीत खरेपणाचाही विचार असतो; पण निवडणाऱ्याला जे तपासता आले नाही, तेथे नीटस वाक्यालाच कौल मिळण्याचा संभव राहतो. विधानामागे साक्षीदार असावा, अशी अट या घडणीत कोठेही नाही.

ॲलन ट्युरिंग यांच्या १९५० मधील प्रसिद्ध निबंधात याची एक विलक्षण खूण सापडते. यंत्राला माणूस म्हणून ओळखले जायचे आहे, अशा नमुना-संवादात त्याला ३४९५७ आणि ७०७६४ यांची बेरीज विचारली जाते. सुमारे तीस सेकंद थांबून उत्तर येते १०५६२१. खरी बेरीज १०५७२१ आहे. पुढे त्याच निबंधात ट्युरिंग म्हणतात, की परीक्षकाला चकविण्यासाठी यंत्र गणितात मुद्दाम चुका करील. म्हणजे माणसासारखे वाटण्यासाठी थांबणे आणि चुकणे उपयोगी पडते. स्वाभाविकतेची परीक्षा आणि सत्याची परीक्षा येथे एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत.

१९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' या संभाषणकर्त्या आज्ञावलीची माहिती प्रसिद्ध केली. बोलणाऱ्याचीच वाक्ये प्रश्नरूपाने परत करणारी ती एक साधी योजना होती. तरीही त्यांच्या कार्यालयातील लेखनिक स्त्रीने, आपले यंत्राशी चाललेले बोलणे खासगी राहावे म्हणून त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले, असे त्यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे. संभाषणाचा ओघ लागला, की मन ग्वाही न मागताच विश्वास टाकते. हा यंत्राचा दोष म्हणण्यापेक्षा वाचकाचा स्वभाव म्हणणे बरोबर होईल.

मराठीच्या बाबतीत प्रश्नाला आणखी एक पदर आहे. जालावर उपलब्ध असलेल्या लिखित मराठीचे प्रमाण इंग्रजीच्या मानाने अल्प आहे आणि त्यात भाषांतरित मजकुराची भर आहे. त्यामुळे यंत्राच्या मराठीत अव्वल इंग्रजीतील भाषांतरकाराचे दोष नव्याने प्रकट होतात. 'रामाने आपल्या भावाला पत्र लिहिले' असे म्हणण्याऐवजी 'रामाने त्याच्या भावाला पत्र लिहिले' असे वाक्य येते आणि भाऊ नेमका कोणाचा, असा संशय निर्माण होतो. 'च्या माध्यमातून' आणि 'द्वारे' यांची गर्दी होते. जेथे एका 'ऊन'-प्रत्ययान्त रूपाने काम भागले असते, तेथे दोन स्वतंत्र वाक्ये उभी राहतात. 'च', 'तर', 'ना' यांसारखे लहान शब्द गळून पडतात. चिपळूणकरांना हे सगळे ओळखीचे वाटले असते, आणि त्यांच्यासारखा कान असलेला संपादक हे दोष दूरही करू शकेल. तसे करणे आवश्यकच आहे. वाचकाला अडखळत ठेवण्यात कोणतेही शील नाही.

परंतु ही दुरुस्ती ओघाची आहे, हे विसरता कामा नये. 'म्हणे' या शब्दाचेच उदाहरण घेऊ. यंत्राचा मजकूर मराठमोळा वाटावा म्हणून त्यात 'म्हणे' पेरता येईल. मात्र बोलणाऱ्याच्या मुखी तो शब्द येतो तेव्हा त्याच्या मागे कोणीतरी सांगितलेले असते; 'कोण म्हणे?' असे विचारले तर उत्तर मिळू शकते. यंत्राने केवळ लकब म्हणून वापरलेल्या 'म्हणे'मागे असा सांगणारा नसतो. त्याची गत दुसऱ्याचा शिक्का कोरून पत्रावर उमटविण्यासारखी होते. आकार हुबेहूब असतो आणि अधिकार शून्य असतो. एकच प्रश्न पुन्हा विचारला असता यंत्र वेगळ्या शब्दांत, क्वचित वेगळ्या तपशिलांसह उत्तर देते. त्याच्या हातातला कागद कोराच असतो. आणि आख्यायिकेतील चिटणिसाप्रमाणे उद्या जाब देण्यासाठी ते दरबारात हजर नसते.

७

या फारकतीचे परिणाम केवळ तात्त्विक नाहीत. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील एका संघराज्य न्यायालयाने दोन वकिलांना व त्यांच्या पेढीला पाच हजार डॉलरांचा दंड केला. त्यांनी सादर केलेल्या लेखी निवेदनात यंत्राने रचलेले, प्रत्यक्षात कधीच न झालेले निवाडे आधार म्हणून दिले होते. त्या निवाड्यांची भाषा निवाड्यांसारखीच होती. न्यायालयाने यंत्राला जाब विचारला नाही. ज्यांनी ते पुढे केले आणि त्यांच्या खरेपणाचा आग्रह धरला, त्यांना विचारला. मोर्तबाचा नियम तेथे नव्या रूपात लागू झाला, असे म्हणता येईल.

याच्या उलट टोकाची चूकही घडते आहे. यंत्राचे लेखन ओळखण्याचा दावा करणारी साधने निघाली. २०२३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या अभ्यासात असे आढळले, की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांना ही साधने मोठ्या प्रमाणात यंत्राचे ठरवितात. चॅटजीपीटीच्या निर्मात्यांनीही आपले असे साधन अचूकतेच्या अभावी जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. ज्याची शब्दसंपत्ती मर्यादित आणि वाक्यरचना साचेबंद, तो अप्रामाणिक, असा हा निष्कर्ष आहे. फुल्यांच्या व्याकरणावरून त्यांच्या अधिकाराचा निकाल लावणाऱ्या वृत्तीचेच हे यांत्रिक रूप होय. आपल्या विद्यापीठांत बोलीभाषक घरांतून आलेले, प्रमाण मराठी दुसऱ्या भाषेसारखी शिकलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने संशोधन करीत आहेत. परीक्षकाने ओघावरून प्रामाणिकपणा ठरवायचे मनावर घेतले, तर सुबक आणि निराधार प्रबंध पुढे जाईल व खडबडीत आणि खरा प्रबंध संशयाखाली येईल.

तेव्हा साहाय्यित लेखनाविषयीचा आपला विचार दोन वेगळ्या कसोट्यांवर व्हायला हवा. ओघाची कसोटी वाचकाच्या कानाची आहे. तेथे यंत्राची मदत घ्यावी, चिपळूणकरी कानाने ती दुरुस्त करावी, आणि त्याच वेळी हा कान कोणत्या प्रदेशाचा व कोणत्या वर्गाचा, याचे भान ठेवावे. सगळ्यांची मराठी एकाच वळणाची करून टाकणारी स्वाभाविकता ही कँडींच्या तपासणीपेक्षा अधिक सर्वंकष ठरू शकते. ग्वाहीची कसोटी राजवाड्यांच्या प्रश्नांची आहे. प्रत्येक तिथी, नाव, अवतरण आणि आधार नावानिशी सही करणाऱ्याने स्वतः पाहिला आहे काय; ऐकीव ते ऐकीव म्हणून राहू दिले आहे काय; सफाईच्या नादात 'बहुधा', 'असे दिसते', 'म्हणे' हे अडवणारे शब्द खोडले तर गेले नाहीत ना; आणि जेथे मदतीने मजकुराचा आशय घडविला, तेथे केरींनी वैजनाथ पंडितांचा केला तसा तिचा उल्लेख केला आहे काय. या प्रश्नांची उत्तरे शैली बदलून देता येत नाहीत.

यंत्राच्या गद्यातून मदतीच्या सर्व खुणा पुसून टाकणे म्हणजे ते विश्वासार्ह करणे, ही समजूत मराठी गद्याच्या अनुभवाशी विसंगत आहे. चिटणिशीच्या परंपरेने लेखनिकाचा हात आणि धन्याची सही यांतील सांधा कागदावर उघडा ठेवला होता, म्हणून तीनशे वर्षांनंतरही ते कागद पुरावा म्हणून वापरता येतात. आज आपल्या नावावर निघणारे लेख, प्रबंध आणि परीक्षणे पुढच्या अभ्यासकांची साधने होणार आहेत. त्यांतील कोणते वाक्य कोणी पाहून लिहिले, हे त्यांना ओळखता आले नाही, तर या काळातील मराठी गद्य त्यांच्या हाती विपुल आणि वाचनीय स्वरूपात पडेल, पण त्याचा पुरावा म्हणून उपयोग करता येणार नाही.